धूर राहू दे, आधी त्या डोकेदुखीचं बोलू

काका, नमस्कार. आम्ही पाचगणीचे. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी इथला एक जुना बंगला घेतला. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, हॉलमध्ये फायरप्लेस आणि वर भलीमोठी चिमणी. आम्ही चार खोल्या पर्यटकांना देतो आणि थंडीत येणाऱ्या प्रत्येकाला फायरप्लेस पेटवून हवी असते. आधी काही त्रास नव्हता, पण गेल्या डिसेंबरपासून धूर खोलीत येतोय. पडदे, सोफे, सगळ्याला वास. एका रात्री तिघी पाहुण्या फायरप्लेससमोरच गाद्या टाकून झोपल्या, सकाळी तिघींचं डोकं दुखत होतं, एकीला मळमळत होतं, पण टेबललँडवर फिरून आल्या आणि बऱ्या झाल्या. एक मिस्त्री म्हणतो चिमणी पाडून नवी बांधा. दुसरा म्हणतो, रॉकेलचा बोळा टाकून एकदा मोठा जाळ करा, आतली काजळी आपोआप जळून जाईल. आमचे हे म्हणतात, दसरा झाला की मीच दोर बांधून वर चढतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे धुराच्या आधी, मागच्या बाजूला दोन खोल्या वर चढवल्या, सगळ्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या केल्या, किचनमध्ये मोठी चिमणी बसवली, त्यामुळे आता खर्चाला फार वाव नाही. चिमणीतून कधी कधी गुणगुण ऐकू येते, ते काय असेल? आम्हाला स्वतःला काय तपासता येईल आणि बोलवायचं तर कुणाला? फोनवर शोधलं तर किचनच्या चिमणीवालेच येतात.
– एक वाचक, पाचगणी

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं होतं, इथं ते आटवून छापलंय. त्यातली साडेतीन पानं धूर, पडदे आणि मिस्त्री यांच्यावर खर्ची पडली आहेत आणि डोकेदुखी तुम्ही एका ओळीत उरकली आहे. मी ती ओळ तीनदा वाचली. एका खोलीत झोपलेल्या तिघींचं एकाच सकाळी डोकं दुखतं, एकीला मळमळतं आणि मोकळ्या हवेत गेल्यावर उतार पडतो. माझी 28 वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. असं काही ऐकलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते कार्बन मोनॉक्साईडचं. प्रवासानं, जागरणानं, बाहेरच्या खाण्यानंही डोकं दुखतं, हे खरं. पण तिघींचं? एकाच रात्री? विस्तवासमोर झोपून?

या वायूला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांत जातो, खोकला आणतो, माणसाला उठवतो. हा उठवत नाही, उलट गुंगी आणतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि शरीर मात्र गुदमरत असतं. लोकांचा समज असा की ज्वाळा मोठ्या तेव्हा धोका मोठा. प्रत्यक्षात पेटत्या ज्वाळेच्या वेळी चिमणी गरम असते आणि वर चांगली ओढते. रात्री दोन वाजता ज्वाळा मेलेल्या असतात, नुसते निखारे धुमसत असतात, चिमणी थंड होत आलेली असते. ओढ कमी झाली, वायू तयार होणं थांबलेलं नाही, आणि धूर दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त. त्यातून ऊब टिकावी म्हणून कुणी चिमणीच्या गळ्यातली लोखंडी झडप लावून टाकली, की झालं. त्या रात्री झडप कुणी बंद केली होती का, हे घरात जरा विचारून बघा.

तेव्हा पहिली गोष्ट. चिमणी तपासून होईपर्यंत फायरप्लेस बंद. दिवाळीचं बुकिंग असेल तर पाहुण्यांना फोन करून आधीच सांगा, अंगणात शेकोटी करून देऊ म्हणावं. आणि आतला विस्तव पेटलाय तिथं रात्री गादी टाकायची नाही, हा नियम चिमणी दुरुस्त झाल्यावरही ठेवा. कार्बन मोनॉक्साईडचा गजर म्हणून छोटं बॅटरीचं यंत्र मिळतं, ते हॉलमध्ये एक आणि जवळच्या झोपायच्या खोलीत एक लावा. घेताना डबीवर वाचून घ्या. सिलिंडरची गळती ओळखणारं यंत्र वेगळं, त्याला हा वायू कळत नाही, आणि दुकानदार बऱ्याचदा तेच हातात ठेवतो. पुन्हा कुणाला असं झालं तर लिंबूपाणी देत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना "खोलीत विस्तव होता" हे शब्द आवर्जून सांगा, नाहीतर ॲसिडिटीची गोळी मिळेल.

आता धुराकडे येऊ. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते खर्चाच्या रडगाण्यात लिहून टाकलंय. रागावू नका.

आधी त्रास नव्हता. मग एका उन्हाळ्यात तुम्ही तीन गोष्टी केल्या आणि लगेचच्या थंडीत धूर आत यायला लागला. एक, मागच्या बाजूला दोन खोल्या वर चढवल्या. चिमणीचं तोंड पूर्वी मोकळ्या वाऱ्यात होतं, आता शेजारी भिंत उभी राहिली. वारा त्या भिंतीवर आपटून खाली वळतो आणि चिमणीत घुसतो. बाहेरच्या देशांत, जिथं घरोघरी फायरप्लेस असतात, तिथं बांधकामाचा एक ठरलेला हिशेब आहे. चिमणी छपरातून जिथं बाहेर पडते तिथून निदान 3 फूट वर हवी, आणि आडव्या 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा निदान 2 फूट वर हवी. तुमच्या नव्या खोल्यांचं छप्पर चिमणीपासून किती लांब आहे? अंगणात उभं राहून डोळ्यांनीच अंदाज येईल. माझी पैज आहे की चिमणी आता बुटकी पडली आहे.

दोन, खिडक्या. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा, तुम्ही वैतागायचात, पण त्याच फटींतून फायरप्लेसला हवा मिळायची. चिमणीतून जेवढी हवा वर जाते तेवढी खोलीत कुठून तरी यायला हवी. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी ती वाट बंद केली. तीन, किचनची चिमणी. ती पंख्यानं हवा खेचते. घर बंद आणि पंखा चालू, मग तो हवा आणणार कुठून? फायरप्लेसच्या चिमणीतून, वरून खाली. म्हणजे एक चिमणी दुसऱ्या चिमणीचा धूर घरात ओढून घेते. आपल्या भाषेत पाखरूही चिमणी, रॉकेलचा दिवाही चिमणी, भाजीच्या फोडणीवरचं यंत्रही चिमणी आणि कारखान्याचं दीडशे फुटी धुराडंही चिमणीच, त्यामुळे फोनवर तुम्हाला दुसरेच लोक सापडले यात नवल नाही.

हे तपासायला विस्तव लागत नाही. सगळी दारं-खिडक्या लावा, किचनची चिमणी पूर्ण वेगात सोडा, फायरप्लेसची झडप उघडा आणि तोंडाशी अगरबत्ती धरा. धूर आत वळून वर गेला तर ठीक. खोलीकडे आला, तर चोर सापडला. मग हॉलची एक खिडकी दोन बोटं उघडा आणि पुन्हा बघा. त्यानंतर पंखा बंद करून बघा. वाऱ्याच्या दिवशी एकदा, शांत दिवशी एकदा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही मिस्त्रीच्या आधी करायचं आहे, कारण चिमणी पाडून नवी बांधली आणि पंख्याचा घोळ तसाच राहिला तर नव्या चिमणीतूनही धूर आतच येणार.

पण नुसत्या ओढीचा प्रश्न आहे असं धरून चालणार नाही. आतली स्थिती बघायलाच हवी. बघायचं ते सगळं खालून, जमिनीवर पाय ठेवून.

यजमानांना वर चढू देऊ नका, हे मी आत्ताच सांगून टाकतो. कारखान्यात आम्ही धुराच्या मार्गात शिरायचो तेव्हा एक माणूस बाहेर फक्त आमच्यावर डोळा ठेवून बसलेला असायचा, त्याला दुसरं काम नसायचं. पाचगणीत महाबळेश्वरापेक्षा पाऊस बराच कमी असला तरी दसऱ्यापर्यंत कौलांवर शेवाळ असतंच. मंगलोरी कौल माणसाच्या वजनाला कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि दोर बांधणार कशाला? चिमणीलाच ना? जिच्या मजबुतीची शंका म्हणून तपासायला चाललोय तिलाच? जुन्या चिमणीचा वरचा भाग चुन्यात बांधलेला असतो. वरून पाऊस आणि खालून धुराचं आम्ल, दोन्ही बाजूंनी तो चुना झिजतो. हातानं धरला आणि दगडासकट सुटून आला, असं मी पाहिलंय.

फायरप्लेस किमान 24 तास थंड असू द्या. तुमची तर महिनोन् महिने थंडच आहे. तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, जुने कपडे, समोर जुनी चादर. मोठी बॅटरी आणि दाढीचा आरसा घ्या. झडप उघडा, आरसा तिरपा धरून वर बघा. नळी सरळ असेल तर आकाशाचा तुकडा दिसेल. नाही दिसला तर लगेच ती बुजलीय असं समजू नका. जुन्या बंगल्यांतल्या चिमण्या वरच्या खोलीला वळसा घालून जातात. आरशाऐवजी मोबाईल काठीला बांधून, दिवा लावून व्हिडिओ काढलात तर आणखी चांगलं, कारण तोच व्हिडिओ पुढं कारागिराला दाखवता येतो. झडपेच्या मागं बहुतेक एक कप्पा असतो, तिथं हात न घालता उजेड टाका. वरून पडलेलं सगळं तिथं साचतं. पानं, काड्या, पिसं असतील तर घरट्याचा संशय. चुन्याची वाळू, दगडाचे कपरे असतील तर चिमणी आतून सुटत चालली आहे.

मग काजळी. लांब स्क्रूड्रायव्हरनं हाताला येईल तिथं थोडी खरवडा. पिठासारखी भुरूभुरू पडली तर ती साधी काजळी, ब्रशनं निघते. करपलेल्या पापडासारखे कुरकुरीत पापुद्रे निघाले तर जरा गंभीर. आणि खरवडूनही निघत नाही, काळी, काचेसारखी चमकते, गुऱ्हाळात कढईच्या काठाला करपून बसलेल्या काकवीसारखी दिसते, तर मात्र तिथंच थांबा. ओलं लाकूड धुमसतं तेव्हा त्याचा चिकट धूर थंड भिंतीवर निवतो आणि हा डांबरासारखा थर तयार होतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. तो पेटतो. एकदा पेटला की चिमणीच्या आत तापमान 1000 अंशांच्या वर जाऊ शकतं. साधी काजळीसुद्धा 3 मिलिमीटरच्या वर साचली की साफ करायची वेळ झाली. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढं.

आता तुमचे रॉकेलवाले मिस्त्री काय सुचवत होते ते लक्षात आलं असेल. काजळी "जाळून टाकणं" म्हणजे घराच्या मधोमध, छपराच्या लाकडांना खेटून, मुद्दाम आग लावणं. त्यांचा नंबर फोनमधून काढून टाका. काटेरी फांदी दोराला बांधून वरखाली ओढायची, असाही सल्ला कुणी देईल. त्यानं काजळीबरोबर आतला चुन्याचा गिलावाही निघून येतो.

त्यानंतर माळ्यावर जा. फायरप्लेसपेक्षा मला माळ्याची जास्त काळजी वाटते, कारण तिथं कुणी जात नाही. चिमणीची भिंत माळ्यातून जाते तिथं बॅटरी मारा. भिंतीवर काळे ओघळ दिसतात का? सांध्यातून धुराची रेघ बाहेर आली आहे का? आणि लाकूड. जुने गवंडी सोयीसाठी तुळईचं टोक थेट चिमणीच्या दगडात बसवायचे. लाकूड आणि चिमणीच्या दगडकामात 2 इंचांची मोकळी जागा हवी असा नियम आहे, तो अशा घरांत सापडत नाही. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड बाहेरून धड दिसतं, पण ते आतून कोळशाच्या जवळ आलेलं असतं आणि कमी उष्णतेतही पेटतं. चिमणीजवळचं लाकूड काळवंडलेलं, तडकलेलं असेल, नखानं भुगा निघत असेल, तर फोटो काढा आणि फायरप्लेस कायमची बंद समजा, जाणकार येऊन पाहीपर्यंत तरी.

शेवटी अंगणात या. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून चिमणीचा माथा बघा. कललेली आहे का, वर टोपी आहे का, झाड उगवलंय का. पिंपळाचं रोप असेल तर त्याची मुळं आत किती गेलीत ते पानांवरून कळत नाही. पावसाळ्यासाठी चिमणीच्या तोंडावर कुणी पत्रा किंवा प्लास्टिक बांधलंय का, हेही बघा. तुमच्या भागात पावसापासून भिंती वाचवायला झडी बांधायची, झाकाझाक करायची सवय असते, आणि बांधणारा मे महिन्यात बांधून जातो, सोडणारा कुणी नसतो. हॉलच्या आतल्या भिंतीवर, चिमणीच्या बाजूला, पांढरा लोणा किंवा पिवळट ओल दिसली तर पाणी वरून उतरतंय.

आणखी एक गोष्ट सातारा जिल्ह्यात राहणाऱ्यानं विसरायची नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. बंगला त्याच्या आधीचा असेल तर तुमच्या चिमणीनं तो हादरा खाल्लेला आहे, आणि त्यानंतरचे लहानसहान धक्केही. घरात सगळ्यात उंच, सडपातळ आणि बिनआधाराचा भाग चिमणीच असतो, म्हणून तडा आधी तिला जातो. बाहेरून गिलावा केला की तडा दिसेनासा होतो, बुजत नाही. धूर बरोबर शोधून काढतो.

आता बोलवायचं कुणाला.

इकडं चिमणी साफ करणारा असा वेगळा धंदा नाही. साताऱ्यात नाही, वाईत नाही, आमच्या सांगलीतही नाही. त्यामुळे एकच माणूस सगळं करील ही आशा सोडा, काम तीन हातांत वाटावं लागेल. आतली सफाई आणि तपासणी कारखान्यांच्या बॉयलरची कामं घेणाऱ्या टोळीतला माणूस चांगली करेल. ऊस जिल्ह्यात उदंड, तसे कारखानेही बरेच, आणि गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी ही माणसं धुराचे मार्ग साफ करण्यातच गुंतलेली असतात, म्हणून उशीर करू नका. त्यांच्याकडे मापाचे ब्रश, सळ्या, कॅमेरा असतो, आणि फायरब्रिक, फायरक्ले म्हणजे आग सोसणाऱ्या विटा-मातीचं काम त्यांना साध्या गवंड्यापेक्षा जास्त कळतं. दगडकामाची दुरुस्ती चुन्यात काम करणाऱ्या गवंड्याकडून. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. जांभा पाणी पितो, सिमेंट ते बाहेर पडू देत नाही, आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून येतो. चिमणीची टोपी, जाळी, गरज पडली तर आतून सोडायचा स्टेनलेस स्टीलचा पाईप, हे फॅब्रिकेटरचं काम. चिमणी कललेली असेल, आरपार तडा असेल, तुळई आत गेलेली असेल किंवा पूर्वी कधी आतून आग लागली होती असं बागेतल्या जुन्या माळीकाकांकडून कळलं, तर या तिघांच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

पाडायला सांगणाऱ्या मिस्त्रीला मी लबाड म्हणत नाही. कदाचित त्याचं खरंही निघेल. पण त्यानं चिमणीत डोकावून पाहिलं होतं का? तडा कुठं आहे, कुठला दगड सुटलाय, हे दाखवू शकत असेल तर पुढं बोला. आतला व्हिडिओ कामाआधी एक आणि कामानंतर एक, ही अट कुणालाही घाला. जो नको म्हणेल त्याला काम देऊ नका. उंची वाढवायची ठरली तर आधी नगरपरिषदेत विचारा. महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि बांधकामातला बदल मग तो तीन फुटांचा का असेना, कागदावर असलेला बरा. (नव्या खोल्यांचं काय केलंत ते मी विचारत नाही.)

गुणगुण. ती दिवसा जास्त आणि संध्याकाळी कमी होत असेल तर मधमाश्या. आग्या मोहोळ उघड्यावर, कड्याला नाहीतर उंच झाडाला लटकतं, बंद पोकळीत ते बसत नाही. बंद, अंधारी जागा लागते ती सातेरी मधमाशीला, आणि न वापरलेली चिमणी म्हणजे तिच्यासाठी तयार घर. काही झालं तरी खालून धूर करून त्यांना हाकलू नका. मेणाच्या पोळ्या पेटतात, आणि माश्या वरून जाण्याऐवजी खाली हॉलमध्ये येतात. तुम्ही तर मधाच्या मुलुखातच राहता. मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं चौकशी केलीत तर वसाहत उचलून पेटीत घालणारा माणूस मिळेल, आणि त्याला त्या माश्या हव्याच असतील. घुबडाची पिल्लं निघाली तर ती उडून जाईपर्यंत थांबा. साप दिसला तर सर्पमित्र. हे सगळं निघून गेल्यावर वर जाळीची टोपी बसवून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पत्र पुन्हा लिहाल.

लाकडाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण अर्धी काजळी तिथूनच येते. पावसाच्या आधी तोडून उघड्यावर रचलेलं लाकूड दिवाळीत वाळलेलं नसतं, वरून वाळल्यासारखं दिसतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. यंत्र नसेल तर दोन ओंडके एकमेकांवर आपटा. टणकन वाजलं तर वाळलेलं, थप्प झालं तर ओलं. मी घरी आणखी एक करतो, एका फाट्यावर खूण करून तो दर रविवारी किचनच्या काट्यावर ठेवतो. वजन उतरायचं थांबलं की ढीग तयार. सिल्व्हर ओक असो, जांभूळ असो, चिरून, वरून पत्रा आणि बाजूंनी मोकळं, असं एक पूर्ण उन्हाळा ठेवावं. नव्या खोल्यांचे प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या जुन्या खिडक्यांच्या चौकटी (त्या कुठं गेल्या हो?), दुधाच्या पिशव्या, यातलं काहीही फायरप्लेसमध्ये नको.

राखेची एक गोष्ट सांगतो, माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची. कारखान्यात दिवसभर आगीशी खेळणारा माणूस, आणि घरी बंबाची राख पोत्यात भरून गोठ्यामागं ठेवली. थंड होती, हात लावून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे आईनं हाक मारली. पोतं जळून गेलं होतं आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीतून बारीक धूर येत होता. राखेच्या पोटात निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो. गंज वाचली, पण आई पुढं कितीतरी दिवस पाहुण्यांना "हा बॉयलर सांभाळतो बरं का" असं सांगायची. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरायची आणि बादली घरापासून लांब, दगडावर ठेवायची.

कधी चिमणीत आग लागलीच तर ती आधी ऐकू येते. वरून रेल्वे जातेय असा घरघराट होतो, माथ्यावरून ठिणग्या उडतात. अशा वेळी पाणी ओतायचं नाही. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की तो फुटतो आणि वाफ तोंडावर येते. सगळ्यांना बाहेर काढा, 101 किंवा 112 लावा, नगरपरिषदेच्या अग्निशमनाचा स्थानिक नंबर हॉलच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवा. आग आपोआप विझली तरी आतून तपासल्याशिवाय पुन्हा काडी लावायची नाही.

खर्चाचं म्हणाल तर अगरबत्ती, आरसा आणि बॅटरी घरात आहेच. गजर मात्र या आठवड्यातच घ्या. रविवारी यजमानांना वर चढवण्याऐवजी माळ्यावर पाठवा, आणि किचनचा पंखा लावल्यावर अगरबत्तीचा धूर कुठं वळला, ते मला कळवा.